देवावर सोडण्याचा अधिकार कोणाला?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दुष्टांची भरभराट होते आणि सरळ माणसे खितपत पडतात, तरीही देवाच्या न्यायावर विश्वास ठेवावा का, या प्रश्नावर आपल्या दैनिकात वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत ती मी लक्षपूर्वक वाचत आहे. बहुतेकांनी धीराचा सल्ला दिला आहे. देवाच्या काठीला आवाज नसतो, पापाचा घडा भरायला वेळ लागतो, करावे तसे भरावे लागते, तेव्हा मनस्ताप करून न घेता सारे देवावर सोडून द्यावे, असा त्या पत्रांचा सूर आहे. या म्हणी मी लहानपणापासून ऐकत आले आहे, वापरतही आले आहे, आणि देवाच्या न्यायावर माझा आजही विश्वास आहे. पण 'देवावर सोडले' हे शब्द कोणी उच्चारायचे आणि कोणी उच्चारू नयेत, याबद्दल मला काही सांगायचे आहे, कारण याच शब्दांनी माझ्या वडिलांना आधार दिला आणि याच शब्दांनी त्यांचा घातही केला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एका संस्थेत भांडारपाल होते. मालाची आवक-जावक नोंदवहीत लिहिणे, मागणीपत्र पाहून माल देणे आणि वर्षअखेरीस साठा मोजून वहीशी ताळा घालणे हे त्यांचे काम. एका वर्षी साठा मोजताना मोठी तूट निघाली. ती कशी पडली हे भांडारात बसणाऱ्या दोघांना ठाऊक होते, अण्णांना आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण कारकुनाला. वरिष्ठ अधिकारी तोंडी हुकमावर माल बाहेर नेत आणि 'कागद नंतर करू' असे सांगत. कागद नंतर झाले, पण ते अण्णांच्या सहीचे झाले. कामाची फार घाई असलेल्या एका दिवशी, 'तुम्ही सह्या करून ठेवा, मी भरून घेतो' असे साहेबांनी म्हटल्यावर अण्णांनी दहा-बारा कोऱ्या पावत्यांवर सह्या करून दिल्या होत्या. ही त्यांची चूक होती आणि चौकशीत त्यांनी ती पहिल्याच दिवशी कबूल केली. त्या पावत्यांवर मागाहून कोणी काय लिहिले, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो चौकशी समितीपुढे 'मला काही माहीत नाही' एवढेच बोलला.

अण्णा बडतर्फ झाले. साहेबांना बढती मिळाली, निवृत्तीच्या वेळी त्यांचा मोठा सत्कार झाला, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले, आणि वयाच्या 84व्या वर्षी ते झोपेतच शांतपणे गेले. अण्णा 63व्या वर्षी गेले. बडतर्फीनंतरची सगळी वर्षे त्यांनी लहान व्यापाऱ्यांच्या किर्द-खतावण्या लिहून घर चालवले. दिवसाचा जमाखर्च लिहून झाला की पानावर जी जागा मोकळी राही तिच्यावर ते पट्टी ठेवून एक तिरपी रेघ मारत, म्हणजे मागाहून तिथे कोणाला काही घुसडता येऊ नये. रेघ मारताना ते पेन इतके दाबून धरत की पानाच्या मागच्या बाजूला तिचा वळ उमटे. लहान असताना माझा धाकटा भाऊ त्या वळावरून बोट फिरवत बसे.

आई रोज संध्याकाळी म्हणे, "देवाला डोळे आहेत." अण्णा काही बोलत नसत. मी तेव्हा 19 वर्षांची होते आणि आईच्या त्या वाक्याचा मी अगदी शब्दशः अर्थ घेतला होता. देवाने पाहिले आहे, म्हणजे आता तो काहीतरी करील, आणि तो करील तेव्हा ते आपल्याला दिसले पाहिजे, अशी माझी धारणा होती. म्हणून मी साहेबांवर लक्ष ठेवू लागले. त्यांनी घर बांधल्याची, त्यांच्या मुलाला चांगली नोकरी लागल्याची, त्यांना कोणत्यातरी मंडळावर घेतल्याची, अशी कोणतीही बातमी कानावर आली की देवाने माझा अर्ज परत पाठवल्यासारखे मला वाटे. कोणाच्या तरी वाईटाची वाट पाहत जगणे ही काय अवस्था असते हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. त्यात प्रार्थना असते, पण ती प्रार्थना तोंड कडू करते.

अण्णा गेल्यानंतर काही वर्षांनी आईच्या आजारपणामुळे माझे एका रुग्णालयात रोजचे जाणे-येणे होते. तिथे एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले की साहेबांचा 7 वर्षांचा नातू रक्ताच्या गंभीर आजाराने याच रुग्णालयात दाखल आहे. "बघितलंस? शेवटी फेडावंच लागतं," ते म्हणाले. हे लिहिताना मला आजही लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी निवले. इतक्या वर्षांनी का होईना, अर्ज पोहोचला होता. त्याच संध्याकाळी औषधे घेऊन परतताना मी साहेबांना पाहिले. लहान मुलांच्या विभागाबाहेरच्या बाकावर ते एकटे बसले होते आणि त्यांच्या हातात नातवाचा छोटा बूट होता. बुटाची नाडी एका भोकातून निसटली होती आणि ती पुन्हा ओवण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. हात थरथरत असल्यामुळे टोक भोकात शिरत नव्हते. ते टोक ओठांत धरून ओले करीत, पुन्हा ओवू पाहत, आणि ते पुन्हा वाकडे होई. मी पाच-सहा पावलांवर उभी होते. त्यांनी मला ओळखले नाही. आत जो झोपला होता त्याने कोणत्याही पावतीवर काही खोटे लिहिले नव्हते, आणि एका मुलाच्या रक्तात विष कालवून आजोबांची चोरी वसूल करणारा जर कोणी असेल तर तो माझ्या आईचा देव नव्हे, हे मला तिथे, त्या बुटाकडे बघताना कळले.

तो मुलगा पुढे पूर्ण बरा झाला. ज्यांनी त्याच्या आजाराला देवाचा निकाल म्हटले होते त्यांनी त्याच्या बरे होण्याला काय म्हणायचे, हे मात्र कधी सांगितले नाही. हिशेब लिहिणाऱ्याची मुलगी म्हणून मला हे फार खटकते. आपल्याला पटणारी नोंद जमेला धरायची आणि न पटणारी नोंद लिहायचीच नाही, असा हिशेब कोणी दाखवला तर आपण त्याला खोटा म्हणू. देवाच्या न्यायाबद्दल बोलताना मात्र आपण सगळे हेच करतो. दुष्टाच्या घरी आजार आला की ती शिक्षा, सज्जनाच्या घरी आला की ती परीक्षा, आणि दुष्ट सुखात गेला की 'पुढच्या जन्मी बघू'. असा न्याय कधी चुकूच शकत नाही, कारण तो कोणत्याही वस्तुस्थितीला बांधलेला नसतो.

मी धर्मग्रंथांची अभ्यासक नाही, पण त्या संध्याकाळनंतर मी या एकाच प्रश्नासाठी जे मिळेल ते वाचत गेले, आणि मला आश्चर्य याचे वाटले की आपण ज्या सोप्या वाक्यांनी एकमेकांचे समाधान करतो ती ग्रंथांनाच मान्य नाहीत. बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याच्या 18व्या अध्यायात, 'बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले' ही त्या काळची रूढ म्हण यापुढे कोणी वापरायची नाही, असे देवच बजावतो. कुराणातही, ओझे वाहणारा कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आले आहे. म्हणजे नातवाच्या आजारात आजोबांचा निकाल वाचण्याचा जो मोह मला झाला, तो माणसांना हजारो वर्षांपूर्वीही होत होता आणि तेव्हाही तो चूकच ठरवला गेला होता.

याच्याच उलट बाजूचा एक मोह आहे, आणि तो अधिक क्रूर आहे. अण्णांच्या बडतर्फीनंतर आमच्याकडे जी माणसे भेटायला येत त्यांतील काहीजण आईला सांगत, "गेल्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे." ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप करता येत नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो, असे वेदान्ताचा आधार असलेल्या ब्रह्मसूत्रांत म्हटले आहे, आणि एवढ्या मोठ्या परंपरेने विचारपूर्वक मांडलेला सिद्धान्त एका पत्रात मोडीत काढण्याची माझी योग्यता नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की देवाला आरोपातून मुक्त करण्यासाठी मांडलेले वाक्य पीडिताच्या घरात जाऊन उच्चारले की ते पीडितावरचे आरोपपत्र होते. बायबलमधील ईयोबाच्या कथेतले मित्र हेच करतात. सर्वस्व गमावलेल्या त्या निर्दोष माणसाजवळ बसून, देव न्यायी आहे त्या अर्थी तूच काही पाप केले असशील, असे ते परोपरीने पटवून देतात. कथेच्या शेवटी देवाचा कोप होतो तो त्याला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर होतो, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी तेव्हा कोठे त्यांची सुटका होते. ही कथा मी आईला वाचून दाखवली तेव्हा तिने मला तो भाग पुन्हा वाचायला लावला होता.

तक्रार करणे म्हणजे अश्रद्धा, हा समजही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला जे ऐकवते त्याहून कठोर तक्रार आजच्या कोणत्याही नास्तिकाने केलेली माझ्या वाचनात नाही. लाकडी बाहुलीचे अवयव हलवावेत तसा विधाता प्राण्यांना हलवतो, तो आईबापासारखा वागत नाही, सज्जन विपन्न आणि दुर्जन सुखी अशी विषमता जो पाहतो त्या विधात्याची मी निंदा करते, असे ती उघड म्हणते. युधिष्ठिर तिला, हे तू नास्तिकासारखे बोलत आहेस, असे म्हणतो खरा, पण त्याचे खरे उत्तर वेगळेच आहे. मी फळासाठी धर्म आचरत नाही, तो सांगतो. द्यायचे म्हणून देतो, करायचे म्हणून करतो, आणि जो धर्माचा व्यापार करतो तो धर्मवाद्यांमध्ये सर्वांत हीन होय. मला हे वाचताना अण्णांचे मौन प्रथमच समजल्यासारखे झाले. आई देवाकडे वसुली मागत होती, मी व्याजासकट मागत होते, आणि अण्णा काहीच मागत नव्हते. ते फक्त उरलेल्या जागेवर रेघ मारत होते.

युधिष्ठिराच्या या उत्तरापाशी सहसा सगळे थांबतात. संवाद मात्र तिथे थांबत नाही. द्रौपदी म्हणते की मी धर्माची अवहेलना करीत नाही, दुःखाने व्याकूळ होऊन बोलले. आणि त्यानंतर ती जे सांगते ते दैवावर भार टाकून बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे. जो दैवावर हवाला ठेवून हातपाय न हलवता सुखाने झोपतो तो पाण्यात टाकलेल्या कच्च्या मडक्यासारखा नाहीसा होतो, असा दृष्टान्त ती देते. आपण पापाच्या घड्याची गोष्ट नेहमी सांगतो. या दुसऱ्या मडक्याची सांगत नाही.

पण ज्या कथेने माझा हा प्रश्न खऱ्या अर्थाने उलगडला ती आदिपर्वातली आहे. मांडव्य नावाचे ऋषी मौनव्रत घेऊन हात उंचावून आश्रमाच्या दाराशी तप करीत उभे होते. राजाचे शिपाई मागे लागलेले चोर त्यांच्या आश्रमात शिरले, चोरीचा माल तिथे लपवला आणि स्वतःही लपले. शिपायांनी ऋषींना विचारले, ते मौनामुळे बोलले नाहीत, माल सापडला, चोर सापडले, आणि राजाने चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवले. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही आपली म्हण मी कितीदा वापरली असेन, पण इथे तर संन्याशी खरोखरच सुळावर होता. तपोबलाने ते मेले नाहीत. राजाला सत्य कळले, त्याने क्षमा मागितली, सूळ उपसण्याचा प्रयत्न केला, तो निघेना म्हणून बाहेरचा भाग कापून टाकला, आणि सुळाचा तुकडा शरीरात तसाच घेऊन ऋषी पुढे वावरले. अणि म्हणजे सुळाचे टोक, म्हणून त्यांना अणिमांडव्य म्हणतात.

इथवरची कथा निर्दोषाच्या छळाची आहे, आणि तशा कथा पुष्कळ आहेत. हे ऋषी पुढे जे करतात ते मात्र मला अन्यत्र कोठे आढळले नाही. ते थेट धर्मदेवतेकडे, म्हणजे न्याय करणाऱ्याकडेच जातात आणि विचारतात की हे फळ मला कोणत्या कर्माचे मिळाले. धर्म उत्तर देतो की लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती. ऋषी म्हणतात, अपराध एवढासा आणि शिक्षा एवढी मोठी, हा न्याय नव्हे. आणि ते धर्मालाच शाप देतात की तू मनुष्ययोनीत दासीच्या पोटी जन्म घेशील. एवढ्यावर न थांबता ते यापुढचा नियमही घालून देतात : 14व्या वर्षापर्यंत मुलाच्या हातून जे घडेल त्याचे पातक लागणार नाही. न्यायदेवतेचा निकाल एका पीडित माणसाने फिरवला, आणि परंपरेने ही कथा लपवून न ठेवता आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या पहिल्याच पर्वात जपून ठेवली. देवाच्या न्यायावर विश्वास ठेवणे आणि त्या न्यायाला जाब विचारणे या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात, याला याहून मोठा पुरावा मला नको आहे.

शापानुसार धर्म दासीपुत्र विदुर होऊन जन्मला. आता द्यूतसभेत या. द्रौपदीला सभेत फरफटत आणले गेले आहे, तिने प्रश्न विचारला आहे, आणि भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून थांबले आहेत. राजे खाली माना घालून बसले आहेत. कौरवांपैकीच एक असलेला विकर्ण बोलतो, त्याला गप्प केले जाते. आणि मग विदुर, म्हणजे शापाने माणूस झालेला साक्षात धर्म, त्या सभेला एक जुना दाखला देतो. प्रश्नाचे उत्तर माहीत असूनही जो लोभाने, क्रोधाने किंवा भीतीने बोलत नाही तो वरुणाचे सहस्र पाश स्वतःभोवती आवळून घेतो. आणि सभेत निंद्य गोष्टीची निंदा झाली नाही तर पापाची वाटणी अशी होते : अर्धे पाप सभेतल्या श्रेष्ठाला, एक चतुर्थांश प्रत्यक्ष करणाऱ्याला, आणि उरलेले एक चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांना. अण्णा असते तर त्यांनी ही बेरीज बोटावर मोजून पाहिली असती. करणाऱ्याच्या वाट्याला फक्त पाव हिस्सा येतो. बाकीचा पाऊण हिस्सा ज्यांनी हात लावला नाही त्यांच्या नावावर पडतो. आपण मात्र देवाच्या न्यायाची चर्चा करताना त्या पाव हिस्सेदाराच्याच घराकडे डोळे लावून बसतो की तिथे वीज केव्हा पडते.

हे केवळ पुराणातले नाही. हिटलरच्या नाझी राजवटीत आउशवित्झच्या छळछावणीत कोणी जगायचे आणि कोणी मरायचे हे बोटाच्या इशाऱ्याने ठरवणारा डॉक्टर योसेफ मेंगेले युद्धानंतर दक्षिण अमेरिकेत पळाला आणि 1979 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोहताना मेला, तोवर त्याला कोणीही हात लावू शकले नाही. त्याला खोट्या नावाने पुरले गेले आणि त्याचे अवशेष 1985 मध्ये शोधून काढावे लागले. पाण्यात बुडून मेला याला कोणी देवाचा निकाल म्हणत असेल तर 1945 पासूनच्या 34 मोकळ्या वर्षांना काय म्हणायचे? तो कोठे आहे हे माहीत असलेली माणसे होती. त्याच्या कुटुंबाचा त्याच्याशी संपर्क होता, 1977 मध्ये त्याचा मुलगा त्याला जाऊन भेटलाही होता; ती सारी माणसे गप्प राहिली. याउलट त्याच राजवटीत ज्यूंना छळछावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणारा अधिकारी आडोल्फ आइकमान अर्जेंटिनात नाव बदलून राहत असताना, दाखाउच्या छावणीत राहून आलेल्या आणि दृष्टी गमावलेल्या लोथार हेर्मान या गृहस्थांना त्याच्याबद्दल संशय आला, आणि त्यांनी 1957 मध्ये जर्मनीतील सरकारी वकील फ्रित्स बाउअर यांना तसे कळवले. त्यांच्यावर लगेच कोणी विश्वास ठेवला नाही. तरी त्या एका कळवण्यापासून सुरू झालेला धागा मे 1960 मध्ये आइकमानच्या अटकेपर्यंत आणि 11 एप्रिल 1961 रोजी जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या खटल्यापर्यंत पोहोचला, जिथे शंभराहून अधिक साक्षीदार उभे राहून बोलले. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाने जे सांगितले ते दिसणाऱ्यांनी सांगितले नव्हते. देवाला डोळे आहेत, हे आईचे वाक्य मला त्या गृहस्थांबद्दल वाचताना आठवले.

तरीही मी देवाच्या न्यायावर विश्वास ठेवते, आणि का ठेवते ते सांगणे माझे कर्तव्य आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1788 मध्ये असा विचार मांडला की सद्गुण आणि सुख यांची गाठ पडावी ही नीतीचीच मागणी आहे, ती या जगात पुरी होताना दिसत नाही, म्हणून ईश्वर आणि अमरत्व गृहीत धरावे लागते. मला तत्त्वज्ञानाची ही वाट पटते की नाही याहून, त्या मागणीचा जोर मला ओळखीचा वाटतो. अण्णांनी चोरी केली नव्हती. हे सत्य संस्थेच्या दप्तरात नाही, चौकशीच्या अहवालात नाही, लोकांच्या आठवणीतही आता नाही. ते कोठेतरी जसेच्या तसे लिहिलेले आहे आणि ते कोणालाही खोडता येत नाही, यावर माझा विश्वास आहे. तो नसता तर मी आजही साहेबांच्या मुलांवर आणि नातवंडांवर डोळा ठेवून बसले असते. सूड माझ्या हातून काढून घेतला जाणे हे मला या विश्वासाने दिलेले सर्वांत मोठे दान आहे.

म्हणून 'मी देवावर सोडले' हे वाक्य ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे आहे. अण्णांना ते म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता, कारण ते जे सोडत होते ते त्यांचे होते : त्यांचा राग, त्यांची वसुली, त्यांचा सूड. ज्याने अन्याय होताना पाहिला त्याच्याजवळ सोडण्यासारखे स्वतःचे काहीच नसते. त्याच्याजवळ असते ती साक्ष, आणि ती दुसऱ्याची ठेव असते. दुसऱ्याची ठेव देवापुढे ठेवून मोकळे होता येत नाही. ती ज्याची त्याला द्यावी लागते. शेजाऱ्याच्या घरी मारहाण ऐकू येते, कचेरीत खोटे बिल डोळ्यांसमोरून जाते, वर्गात एका मुलाला सगळे मिळून छळतात, आणि आपण 'देव बघतो आहे' म्हणून पुढे जातो, तेव्हा देव खरोखरच बघत असतो, पण तो कोणाकडे बघत असतो याचा विचार आपण करीत नाही.

हे सारे मी आज लिहिते आहे त्याला कारण घडले. गेल्या महिन्यात एक वृद्ध गृहस्थ पत्ता शोधत माझ्याकडे आले. काठी दाराशी टेकवून ते बराच वेळ उभेच राहिले. ते अण्णांच्या हाताखालचे तरुण कारकून होते. त्यांचे वय आता 70च्या पुढे आहे. साहेब गेल्याचे कळल्यापासून झोप लागत नाही, असे ते म्हणाले. "ताई, मी सगळं पाहिलं होतं. पावत्या साहेबांनी माझ्यासमोर भरल्या. माझं नवीन लग्न झालं होतं, नोकरी कायम व्हायची होती. मी देवाला सांगितलं, तूच बघ आता. मी ते देवावर सोडलं होतं."

मला राग येईल असे मला वाटले होते, पण आला नाही. मी त्यांना बसवले, कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "काका, जे पाहिलंत ते लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आता याचा काय उपयोग?" असे ते विचारतील आणि माझ्याजवळ उत्तर नसेल, अशी मला भीती होती, पण त्यांनी ते विचारले नाही. ते तासभर लिहीत होते. मध्ये दोनदा थांबले, एकदा चष्मा पुसला. कोणत्या महिन्यात कोणता माल गेला, पावत्यांचे पुस्तक कोणत्या कपाटात असे, साहेबांनी कोणत्या शाईने भरले, इथपर्यंत त्यांना आठवत होते. इतकी वर्षे न वापरलेली आठवण झिजली नव्हती. शेवटी त्यांनी सही केली आणि तारीख घातली. त्या निवेदनाची प्रत मी संस्थेकडे पाठवली असून तिची पोच मला मिळाली आहे.

मूळ कागद माझ्याजवळ आहे. सही झाली तेव्हा दुसऱ्या पानाचा अर्धा भाग कोरा राहिला होता. मी आत जाऊन अण्णांची लाकडी पट्टी आणली, कागदावर ठेवली आणि पेन दाबून त्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारली. ते काठी हातात घेऊन उठत होते, ते थांबले.

"अण्णा अशीच मारायचे," ते म्हणाले.

आपली विश्वासू,
एक वाचक